भिंतीपासून दोन फूट

२०२४ च्या पावसाळ्यात मी मोठ्याने वाचणं सोडून द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून द्यायचं जे काम मी निवृत्तीनंतर हौसेने अंगावर घेतलं होतं, ते. चौदा धडे पाठवून झाले होते. त्यावर एका विद्यार्थिनीचा फोन आला. मुलगी फार नम्रपणे बोलली. "सर, तुमचे उच्चार अगदी स्पष्ट आहेत, पण आवाज पिंपातून आल्यासारखा येतो. अर्ध्या तासाने डोकं जड होतं."

फोन ठेवला आणि गप्प बसून राहिलो. चौतीस वर्षं या आवाजावर भाकरी खाल्ली. साठ पोरांच्या वर्गात, बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत असताना, शेवटच्या बाकावरच्या उनाडापर्यंत पोचणारा आवाज! त्यामुळे पहिला विचार वयाचाच आला. सत्तरी उलटली, गळा गेला, आता थांबावं. सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, गळा गेला असता तर मला कळलं नसतं का?" तिचं म्हणणं मी नेहमीप्रमाणे मनावर घेतलं नाही.

नातवाने मात्र घेतलं. आमच्या सांगलीच्या फ्लॅटमधली मागची खोली त्याने दोन वर्षांपूर्वी ताब्यात घेऊन तिथं रेकॉर्डिंगचा संसार मांडला आहे. मित्रांचे अभंग, भावगीतं, कुणाच्या एकांकिकेचं संगीत असं काही ना काही चालू असतं. माझे धडेही तिथंच मुद्रित होतात आणि त्यांची साफसफाईही तोच करतो. तो दोन दिवस खोलीत काहीतरी खुडबूड करत होता. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आजोबा, तुमचा आवाज बरोबर आहे. चूक भिंतीची आहे. म्हणजे माझीच."

हे भिंतीचं प्रकरण मला इतकं पटलं की आता या विषयावर माझं स्वतःचं ठाम मत झालं आहे. मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर. विज्ञानाच्या तासाला मी स्टाफरूममध्ये चहा प्यायचो. पण या खोलीत गेले काही महिने जे पाहिलं आणि मुख्य म्हणजे कानाने ऐकलं, त्यावरून सांगतो की घरात स्टुडिओ थाटणारी मंडळी स्पीकरच्या खरेदीवर जेवढा जीव टाकतात, त्याच्या दहावा हिस्साही त्याच्या जागेवर टाकत नाहीत. आणि जागेबद्दल इंटरनेटवरून जो उपदेश उचलतात, तो बहुतेक वेळा आपल्या खोल्यांना लागू पडत नाही.

आधी झालं काय ते सांगतो. त्याचे स्पीकर पाच इंची. म्हणजे खालच्या मोठ्या पडद्याचा व्यास पाच इंच, वर छोटा ट्वीटर. एकेकाचं वजन पाच किलोच्या वर. यांना मॉनिटर म्हणतात. घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखे हे गाणं गोड करून ऐकवण्यासाठी नसतात. जे मुद्रित झालंय ते जसंच्या तसं दाखवायचं, दोष असेल तर दोषासकट, एवढंच यांचं काम. वर्गातला एखादा मुलगा बाईंना सगळं खरं सांगतो ना, तसे हे. आता असा खरं बोलणारा स्पीकर आणला आणि तो चुकीच्या जागी ठेवला, की तो खोटं बोलायला लागतो. आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेले असतो, ही त्यातली खरी मेख.

नातवाने कुठंतरी वाचलं होतं की स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत, दोन-तीन फूट पुढे घ्यावेत, नाहीतर खर्ज फुगतो. त्याप्रमाणे त्याने संगणकाचं टेबल पुढे ओढलं होतं. स्पीकरचा चेहरा मागच्या भिंतीपासून बरोबर दोन फुटांवर. आता गंमत पहा. जाड, खर्जातला आवाज फक्त समोर जात नाही, तो चहूकडे पसरतो. मागेही जातो. भिंतीपर्यंत दोन फूट गेला, आपटला, दोन फूट परत आला. म्हणजे सरळ आलेल्या आवाजापेक्षा चार फूट जास्त चालून तो आपल्या कानाशी पोचतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट. ज्या सुराची लहर आठ फुटांची, त्याची ही उशिरा आलेली लहर बरोबर अर्धी मागे पडते. एक लहर वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ११३० ला ८ ने भागा. १४१ येतात. म्हणजे १४० हर्ट्झच्या आसपास त्या खोलीत आवाजाला खड्डा पडला होता.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. माझा आवाज नेमका त्या खड्ड्याच्या काठावर उभा! तिथं तो पोकळ, अशक्त ऐकू यायचा. म्हणून नातवाने प्रेमापोटी (आजोबांचा आवाज भारदस्त वाटावा म्हणून) तो भाग यंत्रावर आठ-नऊ डेसिबलनी वाढवला. त्या खोलीत खड्डा बुजला, आवाज छान झाला. त्या मुलीने इअरफोन लावले तेव्हा तिथं ना आमची खोली होती ना आमची भिंत. खड्डा नाही, नुसती भर. तेच ते पिंप.

आम्ही घरातल्यांनीही धडे ऐकले होते, पण फोनच्या छोट्या स्पीकरवर. त्यातून इतका खालचा सूर धड निघतच नाही. त्यामुळे मुंबईच्या मेहुण्यांपासून सगळ्यांनी "वा, छान" म्हटलं. ज्यांनी तेव्हा कौतुक कळवलं त्या नातेवाईकांना दोष देत नाही. पण पुढच्या वेळी इअरफोन लावा.

माझा मात्र एवढ्याने विश्वास बसला नाही. म्हटलं, मला दाखव. मग त्याने मला खुर्चीत बसवलं आणि एकेक शुद्ध सूर सारख्याच जोरात वाजवत नेला. १००, ११०, १२०. सगळे व्यवस्थित. १३० ला आवाज बसू लागला. १४० ला तर मला वाटलं त्याने बटण बंदच केलं. १६० ला परत उभा राहिला. मी पुढे वाकलो, मागे टेकलो, तरी तो सूर खड्ड्यातच. वयामुळे मला वरचे बारीक सूर आता ऐकू येत नाहीत, दहा हजारच्या वर नातू "वाजतंय" म्हणतो आणि मी भिंतीकडे बघतो. पण खालच्या या खड्ड्याला माझे म्हातारे कान पुरेसे होते. घरात स्टुडिओ असणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग करावा. सूर वाजवणारं साधं ॲप फुकट मिळतं, पाच मिनिटं लागतात. आवाज बेताचाच ठेवावा म्हणजे झालं.

संगीतवाल्यांसाठी आणखी एक. नातवाचा एक मित्र अभंग गातो, काळी एकमध्ये. त्या पट्टीतला पुरुषी षड्ज १३८.६ हर्ट्झवर येतो. म्हणजे गाण्याचा पायाच खड्ड्यात! त्या पोराला हा दोन महिने "तुझा सा भरत नाही" म्हणून छळत होता. नंतर त्याला घरी बोलावून, पोहे खायला घालून माफी मागितली.

आता उपाय. पहिला विचार त्याचा असा की हे स्पीकर देऊन टाकायचे आणि जास्त किमतीचे आणायचे. मी स्पष्ट नाही म्हटलं. जागा तीच राहिली तर दुप्पट किमतीचा स्पीकरही त्याच भिंतीसमोर त्याच खड्ड्यात पडणार. मग टेबल आणखी पुढे घेऊन पाहिलं, तीन फुटांवर. खड्डा ९४ हर्ट्झच्या आसपास गेला. माझा आवाज सुटला, पण पखवाजाचा डावा हात गेला. खड्डा आवाजाच्या पार खाली घालवायचा तर स्पीकर सहा-सात फूट पुढे आणावे लागतात. खोली दहा बाय बारा. म्हणजे दारात बसून काम करावं लागलं असतं.

म्हणून माझं मत असं झालं की आपल्या दहा बाय दहा, दहा बाय बाराच्या खोल्यांत स्पीकर भिंतीपासून लांब न्यायच्या भानगडीत पडूच नये. सरळ भिंतीला पाठ लावावी. खड्डा तेव्हाही पडतो, पण तो वर सरकतो. आमच्या स्पीकरचा चेहरा आता भिंतीपासून तेरा इंचांवर आहे, त्याचा हिशेब २६० हर्ट्झच्या आसपास येतो. सूर जसजसा वर जातो तसतसा स्पीकर मागे कमी आणि पुढे जास्त टाकतो. शिवाय तिथं भिंतीवर कापडात शिवलेला दोन इंची रॉकवूलचा पॅनेल लावला की तो थोडं पिऊन घेतो. १४० च्या खड्ड्याला असले पॅनेल हूं की चूं करत नाहीत.

खर्ज फुगतो हा आक्षेप खरा आहे. मागची एक भिंत जवळ आली की खर्ज सहा डेसिबलपर्यंत वाढू शकतो, कोपऱ्यात तर त्याहून जास्त, म्हणून कोपरा टाळायचाच. पण फुगलेला खर्ज खाली आणता येतो. अशा बहुतेक स्पीकरांच्या पाठीवर त्यासाठीच एक बटण दिलेलं असतं. आमचं तर दोन वर्षं कुणी हातही न लावलेलं! फुगा दाबता येतो, खड्डा भरता येत नाही. कारण खड्ड्यात जेवढं जास्त ओतावं तेवढं भिंतही जास्त परत पाठवते. मोठमोठ्या स्टुडिओंत मुख्य स्पीकर भिंतीतच बसवलेले असतात, चेहरा भिंतीच्या पातळीत. आपल्या जुन्या वाड्यातल्या देवळीत जणू भरून बसवलेले. मागे भिंत दिसतच नाही, मग परतायचं कोण? (यावरून कुणी पुस्तकांच्या कप्प्यात स्पीकर आत सरकवून ठेवेल तर ते मात्र वाईट. चेहरा कप्प्याच्या बाहेर हवा, नाहीतर तो गुहेतून बोलतो.) आणि ज्यांच्या स्पीकरला हवेचं भोक मागच्या बाजूला आहे त्यांनी वीतभर तरी फट सोडावी. आमच्याचं भोक पुढे आहे.

बाहेरच्या देशातले लोक वेगळं का सांगतात याचाही मी विचार केला. अमेरिकेत बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेली असतात. ती भिंत खर्जाबरोबर थोडी हलते, थोडा खर्ज बाहेरही जाऊ देते. आपली विटांची, सिमेंटचा गिलावा केलेली भिंत पोलिसासारखी उभी असते, जे येईल ते परत. खाली फरशी, वर स्लॅब. असल्या खोलीत त्यांचे आकडे चालवणं म्हणजे तिकडच्या शेतीचं पुस्तक वाचून कृष्णाकाठी ऊस लावण्यासारखं.

तर मांडणी. खोलीची दहा फुटांची भिंत समोर घेतली, म्हणजे आवाज बारा फुटांच्या दिशेने जातो. ऐकणारा खोलीच्या अगदी मधोमध नको, तिथं सगळ्यात खालचा सूर गायब होतो. आणि मागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथं तोच सूर बोकांडी बसतो. पुढच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा असा एक ठोकताळा आहे. आमच्या हिशेबाने साडेचार फूट. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. गणिताशी माझं वैर, पण इथं मला शिक्षकी युक्ती सुचली. बारा फूट सुतळीची गोल गाठ मारली, चार-चार फुटांवर खुणा केल्या. एक खूण नातवाने धरली, एक मी, आणि तिसरी घेऊन सौ. खुर्चीत बसली. सुतळी ताणली की त्रिकोण तयार. हिच्या चेहऱ्यावर "या वयात काय हे" असा भाव होता. पण मांडणी अशी जुळली की स्पीकरमध्ये चार फूट, दोन्ही बाजूच्या भिंतींपर्यंत तीन-तीन फूट आणि डोकं साडेचार फुटांच्या जागी. टेपने मोजून पाहिलं तर अर्ध्या इंचाचा फरक.

बाजूच्या भिंती सारख्या अंतरावर असणं फार महत्त्वाचं, आणि तिथंच आमचं महाभारत झालं. उजव्या हाताला हिचं माहेरचं लोखंडी कपाट. डावीकडे खिडकी आणि जाड पडदा. उजवा स्पीकर पत्र्यावर आपटायचा, डावा पडद्यात बुडायचा. मधोमध ठेवलेलं माझं वाचन उजवीकडे कलल्यासारखं वाटायचं. कपाट हलवायचं म्हटल्यावर दोन दिवस घरात शांतता. शेवटी ते त्याच खोलीत, पण ऐकणाऱ्याच्या मागे, दाराजवळ गेलं. खालचा सूर वाजला की त्याच्या आतल्या कप्प्याचं दार खडखडतं, तिथं वर्तमानपत्राची घडी खोचली आहे. उरलेल्या मागच्या भिंतीला माझी पुस्तकांची मांडणी लावली. कमीजास्त जाडीची पुस्तकं आवाज विखरून टाकतात म्हणे. माझ्या पुस्तकांचा घरातल्या कुणाला उपयोग झाल्याची ही पहिलीच वेळ.

बाजूच्या भिंतीवर कुठं काय लावायचं ते आरशाने ठरवलं. एकाने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, खुर्चीतल्याला त्यात स्पीकर दिसला की तिथं खूण. त्या खुणेवर आईच्या हातची गोधडी चौपदरी करून टांगली. भिंतीवरून उडून येणारी वरची कर्कश धार तिने बरीच मारली. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना एवढंच सांगतो की ते ट्रे अंड्यांसाठी चांगले.

आता बसवण्याबद्दल. पूर्वी स्पीकर टेबलावर आडवे झोपवलेले होते. कारण काय, तर मोठ्या स्टुडिओंच्या फोटोत ते पांढऱ्या पडद्याचे यामाहा एनएस-१० (१९७८ ते २००१ या काळात निघत होते) आडवे दिसतात. अरे, फोटो पाहून का पंगत वाढायची? स्पीकर उभा असला की ट्वीटर आणि खालचा पडदा एकावर एक येतात. डोकं डावी-उजवीकडे हललं तरी दोघांचं अंतर सारखं राहतं. आडवा केला की वीतभर डोकं हलताच एक जवळ, एक लांब, आणि मधल्या सुरांची भांडणं सुरू. शिवाय टेबलावर ठेवला की टेबलही गाऊ लागतं, आणि त्याच्या गुळगुळीत फळीवरून आवाज उडून तोंडावर येतो तो निराळाच.

नातवाला भिंतीत ब्रॅकेट ठोकून मोकळं व्हायचं होतं. मी अडवलं. ती चार इंची भिंत आहे, पलीकडे शेजाऱ्यांच्या मुलीची अभ्यासाची खोली. पाच किलोचा थरथरणारा डबा त्या भिंतीत अडकवला तर थरथर तिच्या टेबलापर्यंत जाणार. आणि दुसरं म्हणजे, एकदा भोक पाडलं की स्पीकर तिथंच. तीन इंच सरकवायचा झाला तर पुन्हा भोक. तंबोऱ्याची जवारी लावताना मिरजेचे कारागीर तारेखालचा दोरा केसभर इकडं-तिकडं करून ऐकतात, पुन्हा करतात, पुन्हा ऐकतात. सूर उमलला की मगच थांबतात. इथंही तसंच करावं. आम्ही पंधरा दिवस दोन स्टुलांवर जुनी शब्दकोशांची बाडं रचून त्यावर स्पीकर ठेवले. रोज थोडं हलवायचं, त्याच एका धड्याचा तोच एक परिच्छेद ऐकायचा. तो परिच्छेद आता मला झोपेतही येतो.

जागा पक्की झाल्यावर फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन स्टँड करून घेतले. बसल्यावर नातवाचा कान जमिनीपासून ४४ इंचांवर येतो. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, आणि तो डब्याच्या तळापासून आठ इंच वर आहे. म्हणून स्टँड ३६ इंचांचे. पोकळ चौकोनी पाइप, खाली फूटभर लांबी-रुंदीची जाड पट्टी. पाइप पोकळ ठेवला तर घंटेसारखा वाजतो, म्हणून वाळू चाळून, दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवून आत भरली. ओली वाळू भरू नका, आतून गंज येतो. स्टँडखाली रबर, स्पीकरखाली पातळ रबर. दोन्ही मिळून अडीच हजारांत झालं. स्पीकर किंचित आत वळवून त्यांची तोंडं ऐकणाऱ्याकडे केली. ओळंबा धरून उभेपणा मी स्वतः तपासला, कारण सुतारकामावर माझा कुणावरच विश्वास नाही.

हेडफोन लावून काम करावं, खोलीची कटकटच नको, असंही काहीजण म्हणतात. पडताळून पाहायला हेडफोन हवेतच, त्या मुलीच्या फोननंतर तर नक्कीच. पण चार-चार तास कान दाबून बसणं त्या पोराला सोसत नाही. आणि त्यात आवाज डोक्याच्या आत बसतो, समोर उभा राहत नाही.

सगळं झाल्यावर नातवाने तेच सूर पुन्हा वाजवले. १४० आला आणि गेला, बाकीच्यांसारखाच. मग त्याने माझा पहिला धडा काढला, यंत्रावरची सगळी भर शून्यावर आणली आणि लावला. मूळ मुद्रण जसंच्या तसं जपून ठेवलेलं होतं, त्यामुळे एकही धडा पुन्हा वाचावा लागला नाही. मी खुर्चीत बसलो होतो. समोर, दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या भिंतीतून मी वाचत होतो. थोडा दम लागत होता मला, वाक्याच्या शेवटी. तो खराच लागतो. बाकी वर्गातला तोच आवाज. सौ. दारात उभी होती, ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." मी मान हलवली.

चौदाच्या चौदा धडे नव्याने पाठवले. आता काम एकोणिसाव्या धड्यापर्यंत आलं आहे. त्या मुलीचा परवा पुन्हा फोन आला होता. पिंप गेलं म्हणाली, पण सर, तुम्ही फार भरभर वाचता. याला मात्र भिंत जबाबदार नाही.